एकतीस वर्षांची डबी

होळी पेटून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच वैजूताईने मला कोपराने ढोसलं.

“डाक्टरीणबाई, वास आला का?”

“कसला वास?”

“आवो, नीट हुंगा की.”

मी हुंगलं. पिंपळसोंडच्या चावडीपुढे, माझ्याच डोक्यातून निघालेल्या कल्पनेनुसार, एकशे चौदा बायकांच्या डब्यांमधली मिश्री आम्ही होळीत ओतली होती. प्लास्टिक जाळू नये एवढी अक्कल मला होती, म्हणून डब्या बाजूला काढून आतला माल तेवढा अग्नीला दिला होता. तंबाखू तव्यावर भाजून, चुरून मिश्री करतात आणि ती बोटाने हिरड्यांना घासतात, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. भाजताना तिचा वास कसा सुटतो, हे मात्र पुस्तकात नव्हतं. आता तो अख्ख्या गावावर पसरला होता. बायकांचे हात पदराकडे गेले तेव्हा मला वाटलं, नाकं झाकताहेत. नीट पाहिलं तर जिच्या नाकावर पदर होता, तीसुद्धा तो बाजूला करत होती.

“आगं आई गं,” कुणीतरी डोळे मिटून म्हणालं, “काय खमंग सुटलाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत गावातल्या दुकानातली तंबाखू संपली.

याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नुकतीच दातांची डॉक्टर झाले होते आणि सरकारी नोकरीचं सक्तीचं एक वर्ष सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढत होते. मूळची ठाण्याची. गावाकडच्या लोकांना आपण समजावून सांगितलं की ते ऐकतात, अशी माझी भाबडी समजूत होती. पिंपळसोंडची आशा सेविका वैजयंता, म्हणजे आमची वैजूताई, माझा उजवा हात. घरोघरी ती पुढे आणि मी मागे. सरपंचांनी तर इतका उत्साह दाखवला की ‘मिश्रीमुक्त पिंपळसोंड’ असा फलक होळीच्या आधीच रंगवून एसटीच्या थांब्याशी लावून टाकला. धुळवडीच्या दिवशी त्याच फलकाच्या सावलीत तिघीजणी बसून निवांत दात घासत होत्या.

मी सर्वेक्षणासाठी एक वही केली होती. नाव, वय, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, असे चार रकाने. पहिले तीन भराभर भरायचे. चौथा विचारला की बायका हात हवेत उडवायच्या. “लई वर्सं झाली,” “लगीन झाल्यापासनं,” आणि एक म्हातारी तर म्हणाली, “दात आल्यापासनं.” तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

एकच बाई अशी निघाली, जिने नेमकं उत्तर दिलं. ठकूआक्का कुंभार. साठीला टेकलेली, काटक, हसरी.

“एकतीस,” ती म्हणाली. “येत्या चैतात बत्तीस.”

“वा, आक्का! अशी माहिती द्यावी. आणि दिवसातून किती वेळा?”

“मातीत पाय घालायच्या आदी. दर वक्ताला.”

मी ‘पाच-सहा वेळा’ असं लिहून घेतलं. तिचा मुलगा म्हादू चाकावर मडकी काढायचा आणि आक्का पायांनी माती तुडवायची. थापटण्याने मडक्यांची पोटंही तीच थापटायची. गावात हे एकच चाक उरलं होतं. मिश्रीची डबी तिच्या कनवटीला असायची, पितळेची, झाकणावर मोर कोरलेली. बाकीच्या बायकांच्या डब्या बामाच्या नाहीतर गोळ्यांच्या असायच्या, त्यामुळे ही लगेच नजरेत भरायची.

मी तिचं तोंड तपासलं आणि माझी बडबड थांबली. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, अंगठ्याएवढा पांढरा चट्टा होता. कडेला खरखरीत. तुकडा काढून जिल्ह्याला पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला: अजून कॅन्सर नाही, पण वाट तिकडचीच आहे. मी तिच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढून सडलेल्या जबड्यांची चित्रंही दाखवली. आक्काने एका चित्रावर बोट ठेवलं.

“ह्या बाईच्या कानातली फुलं झ्याक हायती.”

“आक्का! तोंड बघा तिचं.”

“बघितलं की. म्हंजी म्या मरंन?”

“आत्ता सोडलीत तर नाही. नाही सोडलीत तर दोन-चार वर्षांत काहीही होऊ शकतं.”

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. “सोडते की गं बाय. येवढं जीव तोडून सांगतीयास.”

होळीला ती आली नाही, पण डबी वैजूताईच्या हाती पाठवली होती. आतली मिश्री आगीत गेली आणि मोराची रिकामी डबी माझ्या पिशवीत राहिली. पितळ परत करायचं होतं.

धुळवडीनंतर दोन दिवस मी रुसून बसले. तिसऱ्या दिवशी वैजूताई दवाखान्यात आली. तिचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

“ठकूआक्काचं चाक बंद हाय.”

“का? बरं नाही का?”

“बरी हाय. पर मातीला शिवंना. चार दीस झालं. साऱ्या गावात तेवढ्या एका बाईनं तुमचं ऐकलंया बघा.”

मी उडालेच. एकशे चौदातल्या किती जणी परत सुरू झाल्या ते मोजायचं सोडून दिलं होतं मी, आणि जिची सगळ्यात जास्त काळजी होती ती चार दिवस सुटली होती! मी पिशवी उचलली आणि अगदी तरंगत कुंभारवाड्यात पोचले.

म्हादू दारातच होता. त्याने मला बघून हात जोडले, पण स्वागताचे नव्हते ते.

“डाक्टरीणबाई, पाया पडतो तुमच्या. तिला तिची मिश्री घेऊ द्या.”

“अरे, असं काय बोलतोस? तिच्या तोंडात...”

“ठावं हाय मला. पर ती जेवंना. झोपंना. उन्हाळा तोंडावर आलाय, साऱ्या गावाला माठ पायजेत, आन् ही अंगनात पाय टाकंना. माती बघितली की उठून जाती. सोताचं घर हाय का दुसऱ्याचं?”

अंगणात चाक उभं होतं. बाजूला मातीचा ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेला. आणि रस्त्यापलीकडे, मारुतीच्या पारावर, घराकडे पाठ करून ठकूआक्का बसली होती. चार दिवसांत ती आक्रसून गेली होती.

मी शेजारी बसले आणि मोराची डबी तिच्या हातात ठेवली. “ही तुमची. रिकामी आहे.”

तिने झाकण उघडलं, आत नाक घातलं, आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग झाकण घट्ट बंद केलं.

“माझ्या सासूची हाय ही,” ती म्हणाली. “बरं केलंस आणलीस.”

“आक्का, तलफ येते का फार? डोकं दुखतं?”

“ते काय न्हाई गं.”

“मग काम का बंद केलंत? म्हादू बिचारा...”

“मला मातीचा वास सोसवंना.”

मला हसूच आलं. कुंभाराच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला मातीचा वास सोसत नाही! मी मानसशास्त्राचं एक पान मनातल्या मनात उलटलं आणि ठरवलं की ही सगळी तलफेची निमित्तं आहेत. कामाला लागली की विसरेल. आणि कामाला लावायचं तर आपण आधी उतरावं.

“थांबा,” मी म्हणाले. “आज माती मी तुडवते. तुम्ही इथूनच सांगा, कशी तुडवायची ते.”

“आगं, येडी का खुळी! तुला जमायचं न्हाई.”

“बघाच तुम्ही.”

मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, चपला काढल्या आणि म्हादू नको नको म्हणत असताना गोणपाट बाजूला केलं. थंडगार माती. पहिल्या चार पावलांत मला ते फारच छान वाटलं. वैजूताई ओसरीच्या खांबाला टेकून हसत होती. शेजारपाजारच्या दोन बायकाही जमल्या. “टाचंनं दाबा, डाक्टरीणबाई! नाचू नगासा!” म्हणून ओरडू लागल्या. मी टाचेने दाबलं. टाच सटकली. दोन्ही पाय हवेत, आणि मी आधी कोपरावर आणि मग सपशेल तोंडावर ढिगात गेले. नाकातोंडात माती. साऱ्या अंगणात हास्याचा फवारा उडाला, आणि मीही तशीच पडून हसणार होते.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या दंडाला धरलं.

एवढा जोर एका साठ वर्षांच्या बाईत असतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठकूआक्काने मला ढिगातून अक्षरशः उपसून काढलं. रस्ता ओलांडून ती केव्हा पळत आली, कुणाला दिसलंही नव्हतं. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. तिने मला मांडीवर आडवं घेतलं आणि बोटांनी माझ्या ओठांवरची, नाकपुड्यांतली माती काढायला लागली. भराभर, वेड्यासारखी.

“श्वास घे. श्वास घे आदी. घे म्हनते न्हवं! चंद्रे, श्वास घे!”

“आक्का, मी ठीक आहे. आक्का, मी वृंदा.”

हसणं थांबलं होतं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि ती ते पदराला पुसतच राहिली. वैजूताईने बाकीच्यांना हाताने घालवून दिलं. म्हादू पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.

“चंद्री कोन?” त्याने विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. तो तेव्हा पाळण्यात होता आणि नंतर घरात कुणी ते नाव काढलं नव्हतं.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. बोलली तेव्हा माझ्याकडेच बघून बोलली.

“माझी थोरली. नऊ वर्सांची हुती. वड्याच्या अंगाला मातीची खान हाय, तितनं आमी माती आनायचो. चैताचा महिना. रामनवमीचा दुसरा दीस. मी वर पाट्या भरत हुते, ती खाली उकरत हुती. गानं म्हनत हुती. आन् दरड बसली. आवाज बी झाला न्हाई गं. गानं तेवढं थांबलं.”

“आक्का...”

“हातांनी उकरली. मान्सं येईस्तवर म्या हातांनीच उकरली. नाकातोंडात माती. असंच काढत बसले, जसं तुझं काढलं.”

तिने तांब्यातलं पाणी घेतलं, पण प्यायली नाही.

“चौदाव्या दिशी परत मातीत उतरावं लागलं. गावात तीच एक खान. तीच माती. वल्ली झाली की वास आला, आन् माझा श्वास कोंडायचा. उलटी यायची. पडायची मी. सासूनं ही डबी काढली. म्हनली, ठके, घास. वास मरंल. घासली. मेला वास.” ती डबीवरच्या मोरावर अंगठा फिरवत राहिली. “दर वक्ताला मारावा लागतो. माती वल्ली केली की परत जित्ता हुतो.”

मला माझी वही आठवली. पाच-सहा वेळा, असं लिहिलं होतं मी.

“कुणालाच सांगितलं नाहीत? इतकी वर्षं?”

“कुनी इचारलंच न्हाई गं. तू इचारलंस किती वर्सं झाली. म्या सांगितलं की.”

मला रडू आलं. माझ्या अंगावर माती, केसांत माती, आणि मी तिथे अंगणात बसून भोकाड पसरलं. उलट आक्काच माझी पाठ थोपटत राहिली. म्हादू जमिनीवर बसला होता. आपल्याला एक बहीण होती हे त्याला बत्तिसाव्या वर्षी कळत होतं, आणि तो परत परत एवढंच विचारत होता, “माझ्यासारकी दिसायची का गं?”

“न्हाई,” आक्का म्हणाली, “लई देखनी हुती.”

त्यावर वैजूताईला हसू फुटलं, मग म्हादूला, आणि शेवटी आक्कालाही. पदर तोंडाला लावून ती हसली आणि तशीच रडली.

माझ्या पिशवीत लवंगेच्या तेलाची बाटली होती. दाढ ठणकत असली की आम्ही ते बोळ्यावर घालून लावतो. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी एक थेंब तिच्या पदराच्या टोकावर टाकला आणि तो तिच्या नाकाशी धरला. तिने हुंगलं.

“ह्यो तर दवाखान्याचा वास.”

“हो. यानं दुखणं मरतं थोडं.”

“थोडंच?”

“थोडंच, आक्का.”

तिने विचार केला. “बघू,” म्हणाली.

ती दुसऱ्या दिवसापासून झटक्यात बरी झाली, असं काही झालं नाही. पदर नाकावर बांधून ती पहिल्या दिवशी मातीत दोन मिनिटं उभी राहिली आणि पारावर पळाली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. मी आठवड्यातून तीनदा जायला लागले, तपासायला म्हणून, आणि खरं तर चंद्रीच्या गोष्टी ऐकायला. चंद्रीला चिंचा आवडायच्या. चंद्री मास्तरांची नक्कल करायची. चंद्रीने एकदा चाकावर बसून आजोबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, कारण चाकावर बाईमाणसाने बसायचं नसतं. मधे दोनदा आक्काने मिश्री घासली आणि दोन्ही वेळा आपणहून सांगितलं. जुनी मी असते तर चित्रांचं पुस्तक काढलं असतं. मी विचारलं, “काय झालं होतं त्या दिवशी?” पहिल्यांदा म्हादूची धाकटी ढिगात खेळताना घसरली होती. दुसऱ्यांदा ओढ्याकडून नवी माती आली होती.

एका संध्याकाळी परत येताना वैजूताईने थांबून पोलक्यात हात घातला आणि बामाची एक डबी माझ्या हातावर ठेवली.

“ही काय?”

“माझी. तुमच्या होळीला दिली ती रिकामी हुती.”

मी आ वासला. माझा उजवा हात! “वैजूताई, तुम्ही? कधीपासून? म्हणजे... काय झालं होतं तेव्हा?”

“माझी गोष्ट लई मोठी हाय,” ती म्हणाली. “आदी च्या पाजा.”

चहा पाजला. गोष्ट खरंच मोठी होती, पण ती तिची आहे, सांगायची तर तिनेच सांगावी.

रामनवमी आली आणि गेली. तिच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून कुंभारवाड्यात बसले. आक्काने दिवसभर माती तुडवली नाही, पण मिश्रीही मागितली नाही. मोराच्या डबीत तिने आता लवंगा भरल्या होत्या, त्यातली एक तोंडात धरून ती ओसरीवर बसून राहिली.

मग अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने नवं मडकं पाण्याने भरून ठेवतात. आदल्या आठवड्यात म्हादूने आणि आक्काने साऱ्या गावाची मडकी केली होती. कुणाच्या सासऱ्यासाठी, कुणाच्या आईसाठी, लोक येऊन घेऊन जात होते. सकाळी आक्काचा निरोप आला, वही घेऊन ये म्हणून.

मी गेले. सारवलेल्या ओसरीवर एक छोटं मडकं मांडलं होतं, जेमतेम ओंजळीएवढं. गळ्याशी बोटाने ओढलेली नक्षी, जरा वाकडी.

“कुनी केलंय?” मी विचारलं. पिंपळसोंडला येऊन-जाऊन माझीही जीभ वळली होती.

“म्या,” आक्का म्हणाली. “चाकावर बसून. म्हादूनं बसीवलं.”

“तुम्ही दरवर्षी भरता का तिच्या नावानं?”

“एकदा बी न्हाई.” तिने तांब्या उचलला. “साऱ्या गावाची मडकी दिली, हे एक भरलं न्हाई. कोऱ्या मडक्यात पानी वतलं की कसला वास सुटतो, तुला ठावं हाय न्हवं?”

मला ठाऊक होतं. सगळ्यांना आवडतो तो वास. मलाही आवडायचा.

म्हादू, त्याची बायको, धाकटी, वैजूताई, सगळे भोवती उभे होते. आक्काने पदर नाकावरून बाजूला केला. तिने पाणी ओतलं. कोऱ्या मातीने ते चर्र करून प्यायलं आणि वास वर आला. आक्काचा हात कनवटीला गेला, डबीवर पडला, तिथेच थांबला. तिचे ओठ पांढरे झाले. मी पुढे सरकले, तर तिने दुसऱ्या हाताने मला थोपवलं. तिने श्वास घेतला. एक. मग दुसरा. मग ती खाली वाकली आणि मडक्याच्या तोंडाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली,

“चंद्रे, पानी पी गं.”

धाकटी पुटपुटली, “पी गं आत्या.”

खूप वेळाने आक्का उठली, पाठ सरळ केली आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“आता वही काढ. माझं पान काढ.”

मी काढलं. नाव, वय, दिवसातून किती वेळा, किती वर्षं.

“बत्तीस लिवलं न्हाईस न्हवं?”

“नाही आक्का.”

“लिवू नगंस,” ती म्हणाली. “एकतीसच ऱ्हाऊ दे.”